हॉर्न बारीक वाजतो

आमच्याकडे गाडीला कोणी गाडी म्हणत नसे. आप्पा तिला 'ती' म्हणत, त्यामुळे आम्हीही 'ती'च म्हणत होतो. "तिला आज धुवायला हवं," किंवा "ती सकाळपासून खोकतेय," असं आप्पा म्हणाले की ते आईबद्दल बोलत नाहीत, हे घरात आलेल्या नव्या माणसाला समजावून सांगावं लागे. ती युद्धाच्या आधीची, इंग्रजी बनावटीची, काळी आणि फुगीर मडगार्डांची होती. कुठलासा साहेब मायदेशी परतताना ती आप्पांना देऊन गेला होता. तिचं बॉनेट पुढून उघडत नसे. मधल्या बिजागरीवर दोन्ही बाजूंनी पंखांसारखं वर होई. ते उघडलं की आई म्हणायची, "चला, आज जेवायला उशीर."

आप्पा डॉक्टर होते. मोहन्याहून आंबिवलीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे आम्ही, बाजूला विहीर आणि आंब्याखाली ती. कारखान्याचा भोंगा झाला की पाळी सुटायची आणि थोड्या वेळात दवाखान्याचे बाक भरायचे. कारखान्यातले कामगार, आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. औषधाच्या बाटल्या धुतल्याचा आवाज, खलबत्त्याचा आवाज, मधूनच कुणाच्या तरी पोराला टोचल्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या मागे आईच्या फोडणीचा. आमच्या घरातल्या वालाच्या बिरड्याला कायम जरासा टिंक्चरचा वास यायचा असं मला वाटतं. आई हे कबूल करत नसे. पण पुढे इतरांकडचं बिरडं खाल्लं तेव्हा त्यात काहीतरी कमी आहे असं मला नेहमी वाटत आलं.

त्या उन्हाळ्यात माझी मॅट्रिकची परीक्षा होऊन गेली होती आणि निकाल लागायचा होता. म्हणजे मला काहीही काम नव्हतं आणि काहीही मागायचा हक्क नव्हता. दादा माझ्याहून बराच मोठा. तो ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर होता, सकाळी अंधारात जायचा आणि दिवेलागणीला यायचा. आप्पांना ऐकू कमी येत चाललंय हे पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, कारण तो दिवसभर घरात नसे. आम्हाला रोज थोडंथोडं मोठ्याने बोलायची सवय झाली होती, त्यामुळे काही बदललंय असं वाटलंच नव्हतं. एकदा आप्पांनी घड्याळ काढून विचारलं, "आज भोंगा झाला नाही का?" तो नुकताच होऊन गेला होता, खिडकीची काच अजून थरथरत होती. दादाने आईकडे पाहिलं. आईने भाजीकडे पाहिलं.

मग आंबिवलीच्या रेल्वे फाटकाचा प्रकार झाला. आप्पा एका बाळंतिणीला बघून परत येत होते आणि मी मागच्या सीटवर बसले होते. फाटकवाला फाटक खाली घेत होता, हात हलवत होता, ओरडतही होता. आप्पा समोर बघत सरळ आत गेले. फाटकाची दांडी टपावर धप्पकन आपटून घासत गेली. आप्पांनी मान जरा मागे वळवून मला विचारलं, "काही म्हणालीस?" पलीकडचं फाटक अजून अर्धं वर होतं, त्याच्या खालून आम्ही निघालो, आणि आमच्या मागून मालगाडी गेली. मी काही म्हणाले नव्हते.

घरी येऊन मी आईला सांगितलं, आईने दादाला सांगितलं, आणि दोघांनी ठरवलं की आप्पांना आता गाडी चालवू द्यायची नाही. एवढंच ठरलं. आप्पांना हे सांगणार कोण, ते ठरलं नव्हतं. आमच्या घरात आप्पांना काही सांगायची पद्धत नव्हती. आप्पा विचारत आणि आपण उत्तर द्यायचं.

अशा वेळी हॉर्न बंद पडला. कुणी काही केलं नव्हतं, तो आपोआप बंद पडला. आप्पांचा एक नियम होता. त्यांच्या सगळ्या व्हिजिटा पाड्यांच्या रस्त्यांनी असत, तिथे पोरं, कोंबड्या, म्हशी सगळं एकाच रस्त्यावर. हॉर्न नसेल तर गाडी बाहेर काढायची नाही. दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून व्हिजिटला गेले. आईने टिटवाळ्याच्या गणपतीला नारळ पाठवला. कशाबद्दल ते तिने पुजाऱ्याला सांगितलं की नाही, कोण जाणे.

खरं तर हे काम दादाने एका रविवारात केलं असतं. आप्पांनी त्याला तसं सांगितलंही. दादा म्हणाला, "बघतो." एका रविवारी त्याचं डोकं दुखलं, पुढच्या रविवारी त्याच्या मित्राचं. मग म्हणाला, "तिचं वायरिंग आता मिळत नाही." त्यावर आप्पांनी बॉनेटचा एक पंख वर केला, आत बराच वेळ पाहिलं आणि मला हाक मारली. "कुंदा, वायर म्हणजे तांबं आणि त्यावर साल. ते कसं मिळत नाही? चल, हे आपण दोघं करू."

आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "मदत कर," ती म्हणाली, "पण फार हुशारी दाखवू नकोस. हळूहळू होऊ दे."

आप्पांनी ते काम शस्त्रक्रियेसारखं केलं. सगळी हत्यारं दवाखान्यातल्या ट्रेमध्ये पांढऱ्या फडक्यावर मांडली. बॅटरीपासून हॉर्नपर्यंत आणि हॉर्नपासून स्टिअरिंगवरच्या बटणापर्यंत जुन्या वायरी कुठून कुठे जातात याचं त्यांनी चित्र काढलं. प्रत्येक टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावून मी त्यावर अक्षर लिहायचं, मग ते टोक सोडवायचं. वायरीवर जुन्या काळचं सुती वेष्टन होतं, त्याच्या आतलं रबर वाळून रव्यासारखं झालं होतं आणि हात लावला की झडत होतं. मधे एका ठिकाणी उंदराने उरलेलं काम केलं होतं. आप्पा म्हणाले, "बघ, माणूस मरतो तेव्हाही असंच असतं. कारण एकच सापडतं, पण बाकी सगळंही तयारच असतं." मी अक्षर लिहिलं आणि पट्टी लावली.

बटणाची वायर स्टिअरिंगच्या दांड्यातून, आतल्या पोकळ नळीतून खाली जात होती. नवी वायर जुनीच्या टोकाला बांधायची आणि जुनी खालून ओढायची, म्हणजे नवी आपोआप आत येईल, असा आमचा बेत होता. जुनी वायर निम्म्यात तुटली. आप्पांनी तुटलेला तुकडा ट्रेमध्ये ठेवला. मग आत गेले आणि लांब पात्याचा, रक्तवाहिनी धरायचा चिमटा घेऊन आले. नळीच्या तोंडाशी डोळा लावून त्यांनी तो चिमटा आत घातला आणि राहिलेला तुकडा असा अलगद बाहेर काढला की मला टाळी वाजवावीशी वाटली. त्यानंतर दादाच्या जुन्या सायकलच्या ब्रेकची तार वरून आत सरकवली, खाली तिचं टोक आलं तेव्हा नवी वायर तिला बांधली आणि ओढली. ती आली. आप्पांच्या हाताला तेव्हा जराही कंप नव्हता. आजही माझ्या नातवाची गाडी बिघडली की तो गॅरेजला फोन लावतो आणि खुर्चीत बसून राहतो. मला त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, पण त्याला त्या दुपारी आंब्याखाली बसवायला हवं होतं असं वाटतं.

सगळं जोडून झाल्यावर एका संध्याकाळी आप्पा आत बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

मी हॉर्नच्या अगदी शेजारी उभी होते. पुढची काही मिनिटं माझे कान नुसते वाजत होते. आंब्यावरचे कावळे एकदम उडाले, दवाखान्याच्या बाकावरचं एक मूल दचकून रडायला लागलं, आणि आमचे कंपाउंडर म्हात्रे हातात बाटली घेऊन बाहेर आले. म्हात्रे आंबिवलीच्या गावातलेच, माझ्या जन्माच्या आधीपासून आप्पांकडे होते. आप्पांनी पुन्हा दाबलं, मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "बारीक वाजतोय."

म्हात्र्यांनी हातातल्या बाटलीला बूच लावलं.

"आवाजात जीव नाही," आप्पा म्हणाले. "करंट पुरेसा पोचत नसणार."

त्या रात्री जेवताना आप्पांनी दादाला विचारलं, "तू ऐकलास का? बारीक वाटतो ना?" दादाने तो स्टेशनवरून घरी येताना रस्त्यातच ऐकला होता. त्याने घास गिळला. मग स्वच्छ चेहऱ्याने म्हणाला, "हो आप्पा. जरा कमीच आहे. अशा हॉर्नवर रस्त्यावर जाणं बरं नाही." आई लगेच म्हणाली, "मलाही बारीकच वाटला." मला कुणी विचारलं नाही.

मग आम्ही हॉर्नचा आवाज वाढवायला लागलो. आप्पांनी जाड वायर आणली आणि सगळं वायरिंग पुन्हा केलं. आवाज वाढला. आप्पा म्हणाले, "अजून बारीकच." बॅटरीची टोकं घासून लख्ख केली. अर्थिंगचा गंजलेला स्क्रू काढून नवा लावला. मागच्या बाजूला हॉर्नचा पडदा ताणायचा एक स्क्रू असतो, तो आप्पा रोज जरासा फिरवत आणि मला बटण दाबायला लावत. दर वेळी आवाज जास्त भेसूर होई आणि दर वेळी आप्पा नकारार्थी मान हलवत. बाकावरच्या माणसांना सवय झाली. मी गाडीत बसलेली दिसले की बाया पोरांच्या कानावर पदर धरत. गरोदर बायांनी तेवढ्या वेळापुरतं विहिरीपलीकडे जाऊन बसायचं असं आपसात ठरून गेलं. पण डॉक्टरांना सांगायला कुणी आलं नाही. सगळ्यांना वाटत असणार, डॉक्टर करतायत म्हणजे त्यामागे काहीतरी असेल.

एकदा म्हात्र्यांनी प्रयत्न केला. औषध घोटता घोटता ते म्हणाले, "सायेब, काल आमच्या आळीतलं बैल बुजलं."

"हो ना," आप्पा म्हणाले, "रस्त्यावर बैलगाड्या फार झाल्यात. म्हणून तर हॉर्न मोठा हवा."

म्हात्रे पुन्हा औषध घोटायला लागले.

मला तेव्हा रात्री झोप नीट लागत नव्हती. दादा आणि आई चुकत होते असं मला म्हणता येत नव्हतं; मालगाडी मी स्वतः पाहिली होती. पण आप्पा रोज सकाळी दवाखान्याच्या आधी आणि नंतर तासन् तास त्या गाडीपाशी वाकलेले असत. कपाळाला काजळी, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, आणि आपल्या हाताचं काहीतरी चुकतंय असा चेहरा. तो चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता. त्यांचं काही चुकत नव्हतं. काम पहिल्याच संध्याकाळी उत्तम झालं होतं, आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सोडून.

त्या दिवशी दुपारी आई बाहेरच्या ओट्यावर तांदळाचे पापड लाटत होती. दादा ठाण्याला होता. आप्पांनी मला बटण दाबायला सांगितलं, मी दाबलं, सोडलं. त्यांनी तो स्क्रू बोटाने चाचपून पाहिला. मग ट्रेमध्ये पाना ठेवून माझ्याकडे आले आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "कुंदा, आता माझ्याजवळ करण्यासारखं काही उरलं नाही. मला नीट सांग. बारीक आहे की नाही?"

"बारीकच आहे," आई ओट्यावरून घाईने म्हणाली.

आप्पांची तिच्याकडे पाठ होती. त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडेच बघत राहिले.

मी गाडीतून उतरले आणि त्यांच्या समोर उभी राहिले, माझं तोंड त्यांना दिसेल अशी. "नाही, आप्पा. मोठा आहे."

"किती मोठा?"

"मोहन्यापर्यंत जातो."

"आज?"

"पहिल्या दिवसापासून."

मागे लाटण्याचा आवाज थांबला होता. आप्पांनी खिशातून फडकं काढलं आणि एकेक बोट पुसायला लागले. "दादा म्हणाला, कमी आहे."

"दादाला वाटतं तुम्ही ती चालवू नये. तुम्हाला फाटक ऐकू आलं नव्हतं. ती दांडी टपावर आपटली होती. मागून गाडी गेली."

"आणि तुझी आई?"

माझी नजर ओट्याकडे गेली. त्यांना उत्तर मिळालं असावं. त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं, गाडीच्या पुढे गेले आणि हॉर्नवर तळवा ठेवला, एखाद्याच्या छातीवर ठेवतात तसा, बोटं जरा फाकून. "दाब," ते म्हणाले.

मी दाबलं. हॉर्नच्या धक्क्याने त्यांचा हात कोपरापर्यंत हादरत होता. कावळे उडाले. त्यांनी हात काढला नाही. मग मान वळवून त्यांनी ओट्याकडे पाहिलं. आईने पिठाच्या हातांनी दोन्ही कान घट्ट झाकून घेतले होते, केसांना पीठ लागलं होतं, डोळे मिटलेले होते. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मी बटण दाबूनच होते, कारण सोड असं कोणी म्हटलं नव्हतं.

"सोड," ते शेवटी म्हणाले. आणि मग, रोग्याच्या नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात, "हॉर्न बरा झाला."

त्यांनी बॉनेटचे दोन्ही पंख खाली घेतले, विहिरीवर जाऊन कार्बोलिक साबणाने हात धुतले आणि दवाखान्यात जाऊन बसले. तेव्हा उन्हं अजून खाली आलेली नव्हती आणि दवाखाना उघडायची वेळ झालेली नव्हती.

संध्याकाळी पहिला आला तो कारखान्यातला एक खोकणारा कामगार. मी दारात उभी होते. आप्पांनी नळी कानाला लावली, त्याच्या पाठीवर एका जागी ठेवली, दुसऱ्या जागी ठेवली, त्याला श्वास घ्यायला सांगितला, पुन्हा पहिल्या जागी ठेवली. मग नळी काढून टेबलावर ठेवली आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला नीट ऐकू येत नाही. छातीचं दुखणं असेल त्याने यापुढे कल्याणला दाखवायचं, मी नाव सांगतो. ताप, फोड, जखम, हाड मोडलेलं, ते मी बघेन."

म्हात्रे पुढे झाले आणि आप्पांच्या अगदी कानाशी जाऊन म्हणाले, "आमाला ठावं होतं सायेब. म्हनून तं आमी जवळ येऊन बोलतो."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाकावरून कोणी उठून गेलं नाही. पुढची एक बाई पोराचा फोड दाखवायला उठली आणि कामगाराने शर्ट घातला.

पुढे दादाने आप्पांना ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून छातीवर खिशात ठेवायची एक डबी मिळाली, तिची वायर कानात जायची. आप्पा म्हणत, यात माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही. ती मला शिकवली. लायसन होईपर्यंत आणि त्यानंतरही ते शेजारी बसून मला चुका सांगत, आणि मी काय उत्तर देते ते त्यांना ऐकू येत नसल्यामुळे आमचं छान जमलं. मोहन्याच्या बाया रस्त्याच्या कडेला थांबून बघत, एक मुलगी डॉक्टरांना घेऊन चाललीय म्हणून. दादा माझ्याशी काही दिवस तुटक वागला, मग विसरला. तो मुळात चांगला माणूस होता. फक्त आप्पांच्या समोर उभं राहिलं की त्याचा धीर जाई. तो धीर मलाही नव्हता. त्या दुपारी आप्पांनी विचारलं नसतं तर मी सांगितलं असतं का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. आई माझ्याशी एक शब्दही बोलत नव्हती. तिने पानं घेतली, भात वाढला, आमटी वाढली, माझ्या पानात तूप घालायचं राहिलं की राहू दिलं, कळलं नाही. दादा खाली मान घालून जेवत होता. दुपारी काय झालं ते त्याला घरात पाय ठेवताच कळलं होतं. आप्पांनी पानाशेजारी भाताच्या चित्राहुती घातल्या, दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"गेली काही वर्षं," ते आईला म्हणाले, "तू काही बोललीस की मी 'हो' म्हणत आलोय. त्यातलं निम्मं मला ऐकू आलेलं नव्हतं. त्यात काही महत्त्वाचं राहिलंय का?"

आई आमटीची पळी हातात धरून उभी होती. "काही नव्हतं तसं," ती म्हणाली.

आप्पांनी विचारलं, "काय?"

आईने पळी खाली ठेवली. भिंतीशी टेकवलेला पाट घेतला, आप्पांच्या पानासमोर टाकला आणि त्यावर बसली, अगदी समोर. आप्पा जेवत असताना ती बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"विहिरीचा रहाट बदलायला झालाय," ती मोठ्याने म्हणाली. "केव्हाची सांगतेय."

"हो," आप्पा म्हणाले.

"ऐकू आलं, की नुसतं हो?"

"ऐकू आलं."

"मग सांगा, मी काय म्हणाले?"

"विहिरीचा रहाट बदलायचा."

आईने मान हलवली. पदराने कपाळ पुसलं, जरा पुढे सरकली आणि त्याच्या पुढचं सांगायला लागली.